मोरीसाहेबाची पट्टी

सिद्धोधन वाव्हळ एका जागी दहा मिनिटं बसलेला पालममध्ये कुणी पाहिला असेल, तर त्यानं पुढं यावं, त्याला माझ्याकडून चहा. तहसीलसमोर त्याचं दुकान आहे. काचेवर 'तक्षशिला झेरॉक्स व लॅमिनेशन' अशी निळी अक्षरं, आणि काचेमागं हा माणूस सदा उभा. मशीनमध्ये कागद जात असतो, याची नजर मोबाइलवर. मोबाइल खाली ठेवला की नजर रस्त्यावर, आणि पोस्टमन दिसला की हा पायरी उतरून त्याच्या मागं चार पावलं. दुकानात त्याच्या जोडीला बायको असते, सुकेशनी. ती म्हणते, लोकांच्या पायाला भिंगरी असते, ह्यांना जलमताच भिंगरीवर ठेवलं व्हतं.

आणि ही सगळी तगमग कशापायी? तर दोन बोटं रुंद कागदाच्या पट्टीपायी. हसू नका, आधी ऐकून घ्या.

सिद्धोधनच्या घरी मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात साड्या नाहीत, भांडी नाहीत. त्यात अठ्ठावन्न रेकॉर्डी आहेत, ताटाएवढ्या, काळ्या कुळकुळीत. गाणी सगळी विलायतेच्या लांब केसांच्या पोरांची, पन्नास वर्षांपूर्वीची, गिटार आणि ड्रमची. पण रेकॉर्डी काढलेल्या जपानच्या कारखान्यात. शेजारचा बजरंग म्हणतो, गाणं विलायतेचं, ताट जपानचं अन् ऐकणारा पालमचा, ह्याला म्हणावं तरी काय! पण जाणकारांना विचारा. जपानी लोक रेकॉर्डीला माल असा चोख वापरायचे, की सुई टेकवली तरी गाणं सुरू होईपर्यंत चिटपाखरू फडफडत नाही. आणि प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हराला उभी गुंडाळलेली एक कागदाची पट्टी असायची, तिच्यावर जपानी अक्षरात बँडचं नाव, गाण्यांची नावं, किंमत. गिऱ्हाईक घरी गेलं की ती फाडून फेकून द्यायचं. म्हणून आज ज्या रेकॉर्डवर पट्टी शाबूत, तिचा तोरा वेगळा. बिनपट्टीची रेकॉर्ड म्हणजे बिनफेट्याचा नवरदेव. लग्न लागतं, पण मजा नाही.

सिद्धोधनच्या सत्तावन्न रेकॉर्डींच्या पट्ट्या अशा, की काल छापल्या असाव्यात. अठ्ठावन्नावी सगळ्यात जुनी, त्याच्या बापाची. तिची पट्टी लॅमिनेशन केलेली आहे. प्लॅस्टिकात, कडक, मतदान ओळखपत्रासारखी. आणि ते लॅमिनेशन कुणी केलं? यानंच. स्वतःच्या हातानं.

आता बापाचं सांगतो. दत्तराव वाव्हळ तरुणपणी सेलूच्या एका जिनिंग कारखान्यात जीप चालवायचे. त्र्याऐंशी साली तिथं नवी मशिनं बसवायला जपानहून मोरी नावाचा कारागीर आला आणि तीन महिने राहिला. त्याला रेस्टहाऊसवरून आणायचं नि सोडायचं काम दत्तरावांचं. कारखान्यात दत्तरावांचा चहाचा कप वेगळा होता. कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. का, ते सांगायची गरज नाही. मोरीसाहेबानं दोन दिवस ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो उठला, खिडकीतला कप घेतला, त्यात स्वतः चहा ओतून प्याला आणि आपला चांगला कप दत्तरावांपुढं सरकवला. एक शब्द बोलला नाही. तसाही त्याला बोलता येत होतं कुठं? पण कारखान्यातली वीस माणसं बघत राहिली, आणि पुढं तो तुटका कप दिसलाच नाही.

मग मोरीसाहेब दत्तरावांच्या घरी जेवायला यायला लागला. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी काढत भाकरी खायचा. दत्तराव ढोलकी वाजवून भीमगीतं म्हणायचे आणि हा मांडीवर ताल धरायचा. एकदा जीपच्या धुळीनं भरलेल्या टपावर त्यानं बोटानं काही अक्षरं काढली आणि दत्तरावांच्या छातीवर बोट ठेवलं. तुझं नाव, असं. दत्तरावांनी त्या दिवशी जीप धुतली नाही.

मोरीसाहेब जपानला परत गेला. चार महिन्यांनी जपानहून पार्सल आलं, चिठ्ठी नाही, पत्र नाही, नुसती एक रेकॉर्ड. चार झिपरी पोरं उजाड माळावर उभी, आणि कव्हरावर ती पट्टी. पट्टीच्या आतल्या बाजूला शाईच्या पेनानं काढलेली पाच-सहा जपानी अक्षरं होती. दत्तराव म्हणाले, हे माझं नाव हाय, टपावर काढलं व्हतं तेच. घरातल्यांनी मान डोलावली. सिद्धोधननंही डोलावली, पण मोठा झाल्यावर त्याला ते कधी खरं वाटलं नाही. धुळीतली अक्षरं काय कुणाच्या ध्यानात राहतात!

घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं. ती पेटीत राहिली. नव्याण्णव साली सिद्धोधननं दुकान टाकलं, हैदराबादेहून लॅमिनेशनचं मशीन आणलं. उद्घाटनाला पहिला कागद कोणता घालायचा? आपल्याकडं काय रीत आहे हे तुम्हाला मालूम आहे. जो कागद जिवाभावाचा, तो आधी प्लॅस्टिकात. जातीचा दाखला, दहावीची सनद, नोकरीची ऑर्डर. वीस वर्षांच्या सिद्धोधननं बापाची पट्टी घातली. मशीनमधून ती गरमागरम बाहेर आली, चकचकीत, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दत्तरावांनी ती दोन्ही हातांनी घेतली. पुढं बारा वर्षं ती रेकॉर्ड दुकानाच्या भिंतीवर होती.

मग एक दिवस परभणीच्या कॉलेजातले गोपाळसर झेरॉक्सला आले. त्यांना या रेकॉर्डींचा नाद. भिंतीकडं नजर गेली आणि गडी हातातले कागद विसरला. जपानात काढलेली रेकॉर्ड, तीही पहिल्या खेपेची, पालममध्ये! त्यांनी ती खाली घेतली, पट्टीला हात लावला आणि त्यांचं तोंड उतरलं.

"अरे, हे काय केलंस? कागद मेला की हा. तू याला कफनात घातलंस."

माणूस वाईट नव्हता. त्यानंच सिद्धोधनला घरी नेऊन पहिल्यांदा रेकॉर्ड ऐकवली, त्यानंच जुनं यंत्र मिळवून दिलं. पण तो एक शब्द सिद्धोधनच्या काळजात रुतला तो रुतलाच. त्या दिवशी त्यानं रेकॉर्ड भिंतीवरून उतरवून घरी नेली आणि ठरवलं, हिला कोरी पट्टी मिळवायची. शोध घेता घेता दुसऱ्या रेकॉर्डी येत गेल्या, छप्पन्न आल्या. हवी ती काही येईना. मोबाइलवर विकायला दिसायची तेव्हा बिनपट्टीची, नाहीतर हा झोपेत असताना दुसऱ्यानं उचललेली. म्हणून हा झोपेनासा झाला. एखादी रेकॉर्ड लावली तर एक बाजू पुरती ऐकायचा नाही. अर्ध्यात उठायचा, सुई तपासायचा, मोबाइल बघायचा.

आणि खरी गोम पुढंच आहे. बापाची रेकॉर्ड त्यानं एकदाही लावली नाही. दत्तरावांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा हा म्हणाला, दादा, आधी ती पूर्ण होऊ द्या, मग वाजवू. दत्तराव आता ऐंशीचे. काचबिंदूनं नजर गेल्यात जमा, उजेड-अंधार तेवढा कळतो. मोरीसाहेबानं पाठवलेलं गाणं कसलं आहे, हे त्या माणसाला चाळीस वर्षांत ठाऊक नाही. दर रविवारी विहारातून वंदना करून आले की बाजेवर बसून ते रेकॉर्ड मागायचे, मांडीवर घ्यायचे आणि हात फिरवून परत द्यायचे. सुकेशनी एकदा सासऱ्यांवरून नवऱ्याला म्हणाली, पट्टी येईल तवा येईल, मामा थांबणार हाईत का? त्यावर हा उठून बाहेर गेला. त्याला दुसरं येतं काय?

आणि यंदा जूनमध्ये ती आली, सत्तावन्नावी. ओसाकाच्या एका दुकानातून, अगदी तीच रेकॉर्ड, पट्टीसकट. गुरुवारी पार्सल हातात पडलं. सिद्धोधननं ब्लेडनं ते असं उघडलं, की डॉक्टरानं बघून शिकावं. पट्टी कोरी करकरीत. शुक्रवारी दुपारी दत्तराव झोपले असताना त्यानं बापाच्या रेकॉर्डवरची प्लॅस्टिकची पट्टी काढली आणि नवी चढवली. मागं सरून पाहिलं. बारा-तेरा वर्षांचं ओझं उतरलं म्हणून जरा वेळ बसावं, तर तेही जमेना. जुनी पट्टी फेकवत नव्हती आणि घरात ठेववत नव्हती. शेवटी ती खिशात घालून तो दुकानात गेला. जूनचे दिवस, शाळा-कॉलेजाच्या दाखल्यांची नि निराधारच्या अर्जांची ही गर्दी. पट्टी काउंटरवर ठेवली आणि हा कामाला लागला.

रविवारी दत्तराव विहारातून आले. बाजेवर बसले, हात पुढं केला. सिद्धोधननं रेकॉर्ड मांडीवर ठेवली आणि यंत्राचं झाकण उघडलं. आज वाजवायची होती. दत्तरावांचा अंगठा नेहमीच्या जागी गेला, कडेवरून वर गेला, खाली आला, थांबला.

"ही माझी न्हाई," ते म्हणाले. "माझी कुठं हाय?"

सिद्धोधननं सगळं सांगितलं. नवी पट्टी, कोरी, जपानहून आणलेली, तुमच्यासाठीच. दत्तरावांनी ऐकून घेतलं. मग रेकॉर्ड त्याच्या हातात परत दिली आणि विचारलं, हिच्यावर माझं नाव हाय का? बस. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. एकवेळ शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

सिद्धोधन दुकानाकडं पळाला. शटर उघडलं, काउंटर, ड्रॉवर, रद्दी, कचऱ्याचा डबा, मशीनच्या मागं, सगळं उलथंपालथं केलं. पट्टी नाही. मागनं सुकेशनी आली. ती डोकं शांत ठेवून उभी राहिली आणि शुक्रवारी लॅमिनेशनला कोण कोण आलं होतं ते बोटांवर आठवायला लागली. सात जणं. गरम कागद काउंटरवर टाकायचे नि गिऱ्हाइकानं गोळा करून पिशवीत भरायचे, अशी तिथली पद्धत. कुणाच्या तरी दाखल्यांबरोबर पट्टी गेली, हे उघड होतं. सहा जणांना फोन लागले, सहाही जण नाही म्हणाले. सातवी कुसुमबाई, निराधारच्या पगारीसाठी आधार नि वयाचा दाखला करून नेलेली म्हातारी. नंबर नातवाचा होता, तो बंद. गाव गोदावरीच्या अंगाला, पालमपासून बरंच आत.

भर उन्हात यानं मोटारसायकल काढली. वाटेत डोक्यात नाही नाही ते. म्हातारीनं ती चुलीत घातली असेल. पोरांनी कागदाचं भिरभिरं केलं असेल. आपल्याला ती पट्टी नकोशी होती, बारा वर्षं तिच्याकडं धड पाहिलं नाही, आणि आता तिच्यासाठी हे असं पळतोय? त्याला स्वतःचीच चीड आली. कोरा कागद आणायला जपानपर्यंत गेलो आणि बापाचा कागद दुकानाच्या काउंटरवर टाकून दिला. वा रे शहाणा!

कुसुमबाई ओट्यावर गहू निवडत होती. तिनं डोळ्यांवर हात धरून त्याला ओळखलं, झेरॉक्सवाले का? त्यानं पट्टीचं विचारलं. म्हातारी आत गेली. लोखंडी पेटीची कडी वाजली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं पुडकं होतं. त्यात आधार, वयाचा दाखला, रेशनकार्ड, नवऱ्याच्या मयतीचा दाखला, आणि त्यांच्या बरोबरीनं मोरीसाहेबाची पट्टी.

"घरी आल्यावर दिसली," ती म्हणाली. "मला काय वाचाया येतंय? पर पलास्टिकातला कागद हाय म्हणल्यावर कुणाचा तरी जीव असंल त्याच्यात. असा कागद फेकीत नसतेत."

सिद्धोधननं हात पुढं केला. म्हातारीनं पट्टी मागं घेतली. कागदाच्या बाबतीत ती पक्की होती, तहसीलीत उन्हाळे काढलेली बाई. असं कुणीबी येऊन माझा हाय म्हणंल, ती म्हणाली, त्याच्यावर काय लिवलंय ते सांग आधी.

 छापलेली अक्षरं सिद्धोधनला वाचता येत नव्हती, हातानं लिहिलेली तर नाहीच. खोटं बोलायचं तर काय बोलायचं तेही सुचेना. मग तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

"माझ्या बापाचं नाव हाय, मावशी. दत्तराव."

कुसुमबाईनं पट्टी उलटी केली, पेनाच्या अक्षरांवरून नख फिरवलं, आणि वाचता येत असल्यासारखी मान हलवली. मग ती त्याच्या हातात दिली आणि पाणी आणायला आत गेली.

परतताना एका लिंबाखाली त्यानं गाडी उभी केली. मोबाइल काढला. आता फोनला कॅमेऱ्यासमोर कुठलीही भाषा धरा, तो मराठीत सांगतो. इतकी वर्षं सोय होती आणि यानं कधी धरली नव्हती, कारण बाप खोटा पडला तर काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. पट्टी टाकीवर ठेवली. कॅमेरा चालू केला. अक्षरं पडद्यावर आली. आणि यानं पडदा विझवून मोबाइल खिशात टाकला. एका म्हाताऱ्या बाईला नुकतंच काय लिहिलंय ते सांगून आलो, आता या डबड्याला पुन्हा काय विचारायचं?

घरी आला तेव्हा दत्तराव बाजेवर उठून बसले होते. त्यानं ओसाकाची पट्टी काढून टाकली, जुनी चढवली आणि रेकॉर्ड मांडीवर ठेवली. अंगठा कडेवर गेला. प्लॅस्टिकची धार लागली तसा तो तिथंच थांबला. सिद्धोधन उभाच होता. बाराएक वर्षं पोटात ठेवलेलं त्यानं अखेर ओकून टाकलं. मीच ही बिघडवली दादा, नादानपणात मशीनमध्ये घातली, गोपाळसर म्हणले कफनात घातलंस.

"तुझ्या सरानं तिला कवा बघितलं?" दत्तराव म्हणाले. "पेटीत शाई उडायली व्हती. दर दिवाळीला काढून बघायचो, अक्षर फिक्कट. कुणाला बोलणार? तू तिच्यावर पलास्टिक चढवलंस, त्या दिशी मी निवांत झोपलो."

 सिद्धोधन नुसता बाजेचा दोर चाचपत राहिला. मग दत्तरावांनीच रेकॉर्ड पुढं केली आणि म्हणाले, लाव आता, का अजून काही आणायचं ऱ्हायलंय?

त्यानं काळी तबकडी कव्हरातून काढली. पहिल्यांदाच. कव्हर बापाच्या मांडीवर परत दिलं, तबकडी यंत्रावर ठेवली, सुई टेकवली. खोलीत काही आवाज नव्हता, दारात सुकेशनीसुद्धा पिठानं भरलेल्या हातांनी उभी. आणि मग ड्रम, गिटार, एकदम, असं काही सुटलं की बजरंग भिंतीपलीकडून डोकावला. दत्तरावांची मान ताठ झाली. दोन मिनिटं झाली असतील, सवयीनं सिद्धोधन बाजेजवळून सुई बघायला निघाला. दत्तरावांनी अंदाजानं त्याचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. तो बसला. पाय हलत होता, पण बसला. बापाची बोटं पट्टीच्या प्लॅस्टिकवर ताल द्यायला लागली होती, एक चुकत, एक बरोबर, मग सगळी बरोबर.

बाजू संपली. सुई आतल्या कडेला फिरत राहिली. दत्तराव म्हणाले, "ढोलकीवाला चांगला हाय. पर लय घाईत हाय. तुझ्यावानी."

मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं. सिद्धोधननं दुसऱ्या हातानं रेकॉर्ड उलटी केली.